दुसरं बटण

"मग नवनाथकाकांचा हात कसा गेला, बाबा?"

तनुजानं विचारलं ते अगदी सहज. त्यात ना वकिली होती, ना खोच. मांडीवर वही, हातात पेन, समोर टीव्हीवर थांबवून ठेवलेली कोरियन सिरियल, आणि पडद्यावर एका मेलेल्या कामगाराचा हातमोजा भिंतीएवढा झालेला. प्रश्न ज्ञानदेवनं स्वतःच ओढवून घेतला होता, दुसरं काय! गप बसला असता तर कुणाचं काही अडलं नसतं. पण एकतीस वर्षं चाकणच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून घडवणाऱ्या मशीनांत काढलेला माणूस. त्याच्यासमोर कुणी प्रेस चुकीची दाखवली तर जिभेला खाज सुटणारच. "साफ चूक," तो सोफ्यावर पुढे सरकून म्हणाला होता, "प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय ती खाली येतच नाही. हात मध्ये राहू नये म्हणून तर ती सोय. हा गडी एका हातानं पत्रा काढतोय आणि प्रेस आली खाली? लिही, लिही. कच्च्या बाजूला लिही." तनुजानं खूश होऊन लिहिलं. मग पेन थांबलं आणि तिनं ते विचारलं.

"जुनी प्रेस होती ती," ज्ञानदेव म्हणाला. "तेव्हा एकच बटण असायचं."

"अच्छा," म्हणून तनुजानं रिमोट दाबला. हातमोजा हलला, पाऊस पडायला लागला, करडा कोट घातलेली इन्स्पेक्टरीणबाई पुन्हा चालू लागली. खोटं किती सफाईनं निघालं याचंच ज्ञानदेवला नवल वाटलं. त्याला ना अडखळावं लागलं, ना खाकरावं लागलं. बारा वर्षं तोंडात तयारच होतं की काय ते?

गुरुवार होता. या पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. जगाचा रविवार यांच्यासाठी कामाचा वार, आणि जग कामाला जुंपलं की यांची दुपारची वामकुक्षी. बायको भाचीच्या लग्नाला केजला गेलेली, त्यामुळे रहाटणीतल्या त्या दोन खोल्यांत बापलेकीचंच राज्य. तनुजा एका वेबसाइटसाठी सिरियलींवर लिहायची. चांगलं काय, कच्चं काय, असे दोन भाग करून. या खेपेला मालिकेत कारखाना होता म्हणून तिनं बापाला शेजारी बसवलं होतं, आणि बाप चार गुरुवार इमानदारीनं बसला होता. मालिकेचं नाव त्याच्या जिभेवर बसत नसे, म्हणून घरात तिला 'इन्स्पेक्टरीणबाईंची सिरियल' म्हणायचे. ऑडिटची सवय असलेल्या माणसाला असली कामं आवडतात. त्यानंच तनुजाला वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दिली होती. जमेच्या बाजूला होतं, की इथं कुणी उगाच ओरडत नाही. मेलेल्या पोराची आई तीन मिनिटं नुसती लसूण सोलत बसते, आणि कॅमेराही तिच्याजवळ मुकाट बसतो. बाई कधी हसत नाही, धड जेवत नाही, उभ्या उभ्या शेवया भुरकते. पण सगळे प्रश्न विचारून थांबले की ती आणखी एक विचारते. कच्च्या बाजूला होतं, की त्या श्रीमंत मालकाच्या पोरामागे आठ भाग फुकट घालवले. योगायोग फार. जिथं पाहावं तिथं कॅमेरा सापडतो. आणि हिंदीतला आवाज असा, की लसूण सोलणारी आई दिल्लीच्या शेठाणीसारखी बोलते. हा शेवटचा मुद्दा ज्ञानदेवचा होता, आणि तनुजा त्यावर पोट धरधरून हसली होती.

पण आज ज्ञानदेवचं लक्ष पडद्यावर नव्हतं. तसं ते काल संध्याकाळपासूनच कशावर नव्हतं. काल सुटताना ऑफिसातून मोबाईलवर शुक्रवारच्या बॅचची यादी आली. नव्या ट्रेनी पोरापोरींना पहिल्या दिवशी सुरक्षेचे धडे द्यायचे, हे गेली बारा वर्षं त्याचं काम. बावीस नावं. बसमध्ये उभ्या उभ्या तो वाचत गेला आणि अकराव्या नावावर बोट थांबलं. पिंकी नवनाथ घोळवे. त्यानं दोन बोटांनी अक्षरं मोठी करून पाहिली, जणू मोठी केल्यावर नाव बदलणार होतं. घोळवे काय, केज तालुक्यात ढिगानं सापडतील, असं त्यानं मनाला बजावलं. पण ढिगानं घोळवे असले तरी त्यात पिंकी नावाची पोर असलेले नवनाथ किती असणार? तिच्या बारशाला ज्ञानदेव गेला होता. पाळण्याची दोरी त्याच्या बायकोनं ओढली होती.

आणि उद्या दहा वाजता त्या पिंकीला तो काय दाखवणार होता? नेहमीचं तेच. धड्यात शेवटी एक खरी घडलेली केस असायची. पडद्यावर प्रेसचा फोटो, दुसऱ्या बटणाच्या खाचेत अडकवलेली लाकडी पाचर लाल गोलात, खाली तारीख, आणि त्याखाली पाच ओळी. कंपनीत काहीही बिघडलं की 'व्हाय-व्हाय' भरायचं असतं. का झालं? मग ते का झालं? मग ते तरी का झालं? असं पाचदा विचारत मुळापर्यंत जायचं, अशी रीत. पद्धत लाखमोलाची आहे, त्यात वाद नाही. फक्त उत्तरं लिहिणारा माणूस मुळापाशी स्वतःच उभा असला, तर काय करायचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. हात का चिरडला? डायमध्ये, साच्याच्या आत होता म्हणून. हात आत असताना प्रेस का आली? दुसरं बटण आधीच दाबलेलं होतं म्हणून. ते का दाबलेलं होतं? पाचर मारलेली होती म्हणून. पाचर का होती? ऑपरेटरनं नियम मोडला म्हणून. का मोडला? निष्काळजीपणा. अक्षर ज्ञानदेवचं. सुरेख, वळणदार. ते पान बारा वर्षं दर महिन्याला तो वाचून दाखवत आला होता, आणि वाचता वाचता, देवाशपथ सांगायचं तर, त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. स्लाइडवर नाव नव्हतं. पण तारीख होती. बाप कामावर गेला आणि पुढे उजव्या हाताला पांढरं गाठोडं बांधूनच घरी आला, ती तारीख पोरीला पाठ नसेल होय?

त्या दिवशीचा उन्हाळा त्याला अजून नाकात आठवे. तेलाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास. मार्चअखेर, डिस्पॅचची गाडी गेटला लागलेली, आणि निरंजनसाहेब, तेव्हाचे मॅनेजर, दर पंधरा मिनिटांनी येऊन नुसते घड्याळाकडे बघून जायचे. बोलायचे नाहीत, बोलले असते तर बरं झालं असतं. दोन्ही हातांनी बटणं दाबून तासाला दीडशे नग निघायचे. दुसरं बटण कायमचं दाबून ठेवलं तर दोनशेच्या वर. सगळ्या कंपन्यांत करतात, सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. सुपरवायझर असलेल्या ज्ञानदेवनं पॅकिंगच्या पेटीची फळी फोडली, चाकूनं तासून चपखल पाचर केली आणि स्वतःच्या हातानं ठोकून बसवली. नवनाथ शेजारी उभा. गावाकडून ज्ञानदेवनंच आणलेला, ज्ञानदेवनंच चिकटवलेला, एका सुट्टीला जेवायला येणारा, दुसऱ्या सुट्टीला जेवायला बोलावणारा नवनाथ. "अण्णा," तो म्हणाला होता, "बरं होईल का हे? हात सारखा मधी जायलाय."

"दोन तासांचा प्रश्न आहे, गड्या. मी आहे ना."

मी आहे ना! ह्या तीन शब्दांचं काय करायचं, ते ज्ञानदेवला कधी कळलं नाही. पाचर काढून फेकता आली, रक्त पाण्यानं धुता आलं, प्रेससुद्धा पुढे भंगारात गेली. हे तीन शब्द मात्र कुठं टाकावेत? चारच्या सुमाराला ओरड झाली. ओरड तरी कसली, नवनाथ नुसतं "अण्णा" म्हणाला होता, नेहमी हाक मारायचा तसंच. चार बोटं गेली. आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात ज्ञानदेवच पाच ओळींचा तो कागद सहीसाठी घेऊन गेला. निरंजनसाहेब म्हणाले होते, "ज्ञानदेव, एकाची नोकरी जायचीच आहे. दोघांची कशाला?" ज्ञानदेवनं हेच नवनाथला सांगितलं, शब्द जरा मऊ करून. तनुजा लहान आहे, घराचं कर्ज नुकतंच झालंय, मी राहिलो तर तुझ्याकडे बघीन. नवनाथनं काही विचारलं नाही. पेन डाव्या हातात घेतलं. त्याला डाव्या हातानं लिहायची सवय नव्हती. 'न' काढायला किती वेळ लागला! ज्ञानदेवनं कागद सरकू नये म्हणून दाबून धरला होता. तेवढीच मदत.

टीव्हीवर शेवटचा भाग सुरू झाला होता. तनुजानं मध्येच चहा केला, खारी आणली, बापाच्या पुढ्यात ठेवली. त्यानं खारी बुडवली ती कपातच विरघळून गेली. तिचं लक्ष नव्हतं. ती गुडघे पोटाशी घेऊन बघत होती. इन्स्पेक्टरीणबाई बंद पडलेल्या कारखान्यात एकटीच गेली होती. प्रेससमोर उभी राहिली. दोन्ही बटणांवर दोन्ही तळवे ठेवून पाहिले. मग एक हात काढला, आणि बराच वेळ नुसती त्या रिकाम्या बटणाकडे बघत राहिली. तिनं वाकून खाचेत नख घातलं आणि लाकडाचा एक बारीक तुकडा बाहेर काढला.

म्हणजे सिरियलनं चूक केलीच नव्हती. चूक म्हणून त्यानं जी लिहायला लावली, तीच त्यांनी तिथं मुद्दाम पेरलेली खूण होती. योगायोग म्हणाल तर तसं काही नाही. प्रेस सगळीकडे सारखीच, घाईही सारखीच, आणि लाकूड काय कुठंही मिळतं. तनुजा "अरे बापरे!" म्हणाली आणि वहीतला तो मुद्दा खोडून टाकला. पुढचं सगळं भरभर झालं. पाचर मारणारा निघाला म्हातारा फोरमन. तोच, जो सोळा भाग मेलेल्या पोराच्या आईला भाजी आणून द्यायचा. भर पावसात तो गुडघ्यावर बसला, रडला, सगळं कबूल केलं. व्हायोलिन वाजलं. नावं सरकायला लागली.

"छे!" तनुजानं पेन आपटलं. "शेवट घालवला यांनी. मालकाचा पोरगा निघाला असता तरी चाललं असतं. पण हा? एवढा भला माणूस असं करेल? पटतच नाही. हा सगळ्यात मोठा कच्चा दुवा. हो की नाही, बाबा?"

ज्ञानदेवनं हो म्हणायचं ठरवलं होतं. तोंडही उघडलं होतं.

"भला माणूसच करू शकतो," तो म्हणाला. "वाईट माणसाच्या सांगण्यावरून कोण हात घालतं आत?"

तनुजानं वळून बापाकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम अकरा वर्षांचा झाला होता, आणि ती त्या वयाची असतानाचा नवनाथ ज्ञानदेवच्या डोळ्यांपुढे आला. रहाटणीच्या मोकळ्या प्लॉटवर तिच्या सायकलची सीट मागून धरून पळणारा. सोडून दिली तरी "धरलंय, धरलंय, चल तू!" म्हणत मागे मागे पळायचा, पोरीला कळू द्यायचा नाही.

"बाबा," ती हळू म्हणाली, "जुनी प्रेस नव्हती ना ती?"

"नाही."

"दोन बटणं होती."

"होती."

मग त्यानं सांगितलं. पावसात नाही, गुडघ्यावर नाही; सोफ्यावर बसून, विरघळलेल्या खारीच्या कपाकडे बघत, मशीनचा रिपोर्ट द्यावा तसं. फळी, चाकू, दोनशे नग, दवाखान्यातला कागद. रडू आलं नाही याची त्याला लाज वाटली. पिंकीचं नाव सांगताना मात्र आवाज फाटला. सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आईला माहीत आहे?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. "आणि मी शाळेत सांगायचे सगळ्यांना, आमच्या काकांनी निष्काळजीपणा केला म्हणून. तुम्ही शिकवलेला शब्द, बाबा. मला त्याचा अर्थपण नीट माहीत नव्हता." ती उठली, वही तिथंच टाकून आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चालल्या असत्या. तो तिथंच बसून राहिला, आणि बघता बघता खिडकीतलं ऊन समोरच्या बिल्डिंगवर चढून गेलं.

शुक्रवारी सकाळी तनुजा उठायच्या आधीच तो निघाला. नाशिक फाट्यापासून बसमध्ये त्याचं डोकं नुसतं पळवाटा काढत होतं. छाती भरून आली म्हणून परत फिरावं. ती स्लाइड गाळावी आणि दुसरीच दाखवावी. शिडीवरून पडलेल्याची एक होती, बरी होती. नाहीतर पिंकीला आधी बाजूला घ्यावं, चहा पाजावा, गोड बोलून सांगावं, पोरी, झालं गेलं. तीन वर्षं राहिली होती रिटायर व्हायला. कंपनी काय करेल? काढेल. काढू दे. भीती त्याची नव्हतीच मुळी. ज्या पोरीचं नाव ठेवताना त्यानं पेढे वाटले, तिच्या नजरेत नजर घालायची होती. आणि ती गोष्ट चुकवली, तर उद्यापासून ती पोरगीही प्रेससमोर उभी राहणार, बापाला निष्काळजी समजून. आणि कुणी भला माणूस येऊन तिला म्हणणार, मी आहे ना.

ट्रेनिंग रूममध्ये बावीस जण. नवे कोरे बूट, कडक निळे शर्ट. ती तिसऱ्या रांगेत होती. नवनाथचं कपाळ, नवनाथच्या भुवया. घट्ट वेणी, आणि बूट एक नंबर मोठे. हजेरी घेताना तिनं "येस सर" म्हटलं, ओळख न दाखवता. बहुधा ओळखलं नसेल, सात वर्षांची तर होती. ज्ञानदेवनं हेल्मेट सांगितलं, हातमोजे सांगितले, आगीची घंटा सांगितली. शेवटची स्लाइड आली. लाल गोल. तारीख. पिंकीनं खाली घातलेली मान वर केली आणि परत घातली नाही.

"ही खरी घडलेली गोष्ट आहे," ज्ञानदेव म्हणाला. दर महिन्याला म्हणायचा तेच वाक्य. मग खाली लिहिलेल्या पाच ओळींवर त्यानं हात ठेवला, आणि प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या पंजावर पडला. "पहिल्या तीन ओळी खऱ्या आहेत. पुढच्या दोन खोट्या. पाचर ऑपरेटरनं मारली नव्हती. सुपरवायझरनं मारली होती, गाडी भरायची घाई होती म्हणून. ऑपरेटरनं विचारलं होतं, बरं होईल का हे. सुपरवायझर म्हणाला, मी आहे ना. तो सुपरवायझर मी. हा कागदसुद्धा मीच लिहिला, आणि दवाखान्यात जाऊन त्याच्याकडून सही घेतली. तुम्हाला उद्या कुणीही, मीसुद्धा, बटणात काही अडकवायला सांगितलं, तर मशीन बंद करायची आणि खाली बसायचं."

मागे कुणीतरी "आयला" म्हणालं. पोरं एकमेकांकडे बघत होती. पहिल्याच दिवशी हे काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. पिंकी उभी राहिली. तिचे हात बाकावर टेकलेले होते, दहाही बोटं ताठ. ज्ञानदेवनं मनाची तयारी केली होती. सही का घेतली, असं ती विचारेल. लाज नाही वाटली का, असं विचारेल. इतकी वर्षं का बोलला नाहीत. सगळ्याला त्याच्याजवळ थोडीफार उत्तरं होती, बसमध्ये जुळवलेली.

"पाचरीचं मला माहीत आहे, अण्णा," ती म्हणाली. सर नाही, अण्णा. "आईनं सांगितलं होतं. बाबा कधी बोलले नाहीत, पण तिला कळलं होतं." आवाज स्वच्छ होता, फक्त बारीक झाला. "तुम्ही आमच्याकडे यायचं का बंद केलं?"

ज्ञानदेवनं पाच ओळींवरचा हात काढून घेतला.

"बाबा तुमच्या सुट्टीला दोन-दोन वाजेपर्यंत जेवायचे नाहीत," पिंकी म्हणाली. "अण्णा येतील म्हणायचे. मला भूक लागायची, मी रडायचे. आई म्हणायची, वाढते आता. तर बाबा म्हणायचे, थांब, त्यांना लाज वाटत असंल, येतील ते. दीड-दोन वर्षं असं केलं त्यांनी. मग एके दिवशी एक वाजताच जेवायला बसले."

ती खाली बसली, आणि पुढचं सांगा म्हणून त्याच्याकडे बघत राहिली.